ओढ

मराठीतला 'ओढ' हा शब्द मोठा सोयीचा आहे. विहिरीवरच्या दोराला ओढ बसते, सासरी गेलेल्या मुलीला माहेरची ओढ लागते, आणि मृग कोरडा गेला की पावसाने ओढ दिली असेही आपण म्हणतो. दोराचे, मनाचे आणि आभाळाचे काम एकाच शब्दात भागवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ही नुसती काटकसर केली, की त्यांना काही उमगले होते? गेली काही वर्षे हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. त्याला कारण झाले एक मूल, आणि त्या मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. पण मुलाकडे येण्यापूर्वी थोडे ओढण्याविषयीच सांगू द्या.

आपली माणसे कोणतीही वस्तू नुसती पाहून घेत नाहीत. कापडाच्या दुकानात बाई लुगडे डोळ्यांनी पाहते ते रंगापुरते; तिचा विश्वास बसतो तो दोन्ही मुठींत काठ धरून एक हिसका दिल्यावर. बाज विणणारा सुंभाची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून बघतो. गवळी म्हशीचे दावे खुंट्याला बांधतो आणि जाता जाता ते एकदा ओढून मगच घरी वळतो. डोळ्यांना फसवता येते. कानांना फसवणे तर त्याहून सोपे. ओढ दिली म्हणजे मात्र तुटायचे ते तुटते आणि टिकायचे ते टिकते.

मौज अशी की आपल्या अंगातल्या रक्षकांनाही हीच रीत ठाऊक आहे. आणि ती त्यांना ठाऊक आहे हे आपल्याला अगदी अलीकडे कळले.

आम्हाला शाळेत आरोग्यशास्त्राच्या तासाला शिकवले होते ते असे: तांबड्या पेशी म्हणजे हमाल आणि पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई. हा शिपाई दिसतो कसा, चालतो कसा, चोराची मानगूट धरतो कशाने, हे कोणी विचारले नाही आणि मास्तरांनी सांगितले नाही. त्यांचाही दोष नाही. १८८२ साली इल्या मेच्निकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी बिऱ्हाड करून राहिला होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली आणि हा गृहस्थ सूक्ष्मदर्शकापाशी एकटाच बसून राहिला. तारामाशाचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगात त्याने बागेतल्या गुलाबाचा काटा टोचला. सकाळी उठून पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! या कामाबद्दल त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्याला पाउल एर्लिक या जर्मन पंडिताबरोबर वाटून घ्यावे लागले. एर्लिकचा सारा भर रसायनावर होता: रोगाचा रेणू आणि शरीराचा रेणू यांचे जुळणे कुलूप-किल्लीसारखे असते, असा त्याचा विचार. पुढे कितीतरी दशके कुलूप-किल्लीचीच चलती राहिली. शिपायाच्या हातापायांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

तसे हे हातपाय दिसत नव्हते असे नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी एक छोटीशी फिल्म घेतली होती. ती आज कोणालाही हातातल्या फोनवर पाहता येते. तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक पांढरी पेशी एका जंतूचा पाठलाग करते. तो वळला की ती वळते, तो निसटला की ती अंग चोरून फटीतून घुसते, आणि शेवटी त्याला गिळून टाकते. डोळे नाहीत, मेंदू नाही, हाड नाही, आणि तरी चाल अशी की मांजरानेही शिकावी.

ही चाल कशाने साधते? पेशीच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात. जायचे त्या दिशेला धाग्याच्या टोकाशी नवे मणी जोडले जातात आणि पेशीची कड पुढे रेटली जाते; मागच्या बाजूचे मणी सुटतात आणि पुन्हा पुढे कामाला येतात. चिखलातून जाणाऱ्या माणसाजवळ दोनच फळ्या असाव्यात आणि त्याने मागची उचलून पुढे टाकीत जावे, तसा हा प्रवास. शिवाय मायोसिन नावाचे दुसरे प्रथिन हे धागे धरून ओढते. तुमच्या-माझ्या दंडाचा स्नायू आखडतो तोही याच जोडीच्या जोरावर. म्हणजे ज्या पेशीला हाड ना स्नायू असे मी वर म्हटले, तिच्या पोटात स्नायूचे सगळे सामान भरलेले असते.

पण खरी कसोटी चालण्याची नाही, थांबण्याची आहे. टाचेत काटा रुतला. शिपाई आहे रक्ताच्या पुरात वाहत. त्याला नेमक्या त्या घाटावर उतरायचे आहे. उतरणार कसा? जखमेजवळच्या रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा सिलेक्टिन नावाचे रेणू बाहेर काढतो, आणि पांढरी पेशी त्यांना धरत, सोडत, पुन्हा धरत भिंतीवरून गडगडत जाते. इथे एक कोडे होते. प्रवाह जोराचा असेल तोवर पेशी भिंतीला धरून राहत. तो फारच मंद केला तर त्यांची पकड सुटे. साध्या अकलेला हे उलटे वाटते. ओढ कमी झाली तर पकड टिकायला हवी की सुटायला?

मला या कोड्याचे उत्तर वाचताना लहानपणीची लेंग्याची नाडी आठवली. नाडीला सुरगाठ मारली तर टोक ओढताच ती सुटते. पण घाईत चुकीचे टोक ओढले आणि निरगाठ बसली, की मग जितके ओढावे तितकी ती आवळत जाते. रेणूंच्या जगातही या दोन्ही गाठी आहेत. बहुतेक रेणूंची बांधणी सुरगाठीची: ओढा आणि सोडवा. काही थोड्यांची निरगाठीची. अशी गाठ असू शकेल हे १९८८ साली काही शास्त्रज्ञांनी गणिताने मांडले होते. ती असतेच हे २००३ साली अमेरिकेत चेंग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक रेणू ओढून दाखवले. सिलेक्टिनची गाठ एका मर्यादेपर्यंत ओढीने घट्ट होते. त्यापुढे ओढले तर मात्र सुटते. मर्यादा असणे हेही सोयीचेच. नाहीतर शिपाई घाटाला कायमचा चिकटून बसला असता.

गडगडता गडगडता शेवटी पक्के थांबायचे, ते इंटेग्रिन नावाच्या दुसऱ्या हाताने. हा हात एरवी कोपरात दुमडून अंगाशी धरलेला असतो. आतून ॲक्टिनची दोरी ताणली गेली आणि बाहेर भिंतीने बोटे धरली, म्हणजे तो सरळ होतो आणि पकड आवळते. मग पेशी स्वतःला चपटी करून भिंतीच्या सांध्यातून पलीकडे शिरते. तिथे ती जंतूंशी झुंजते आणि बहुधा मरते. अशा मेलेल्या शिपायांचा जो ढीग साठतो, त्याला आपण पू म्हणतो आणि नाक मुरडतो. हे शिपाई रक्तातूनच आलेले असतात, हे युलिउस कोनहाइम या जर्मन वैद्याने १८६७ साली बेडकाच्या रक्तवाहिन्या न्याहाळून सांगितले होते.

हे सारे मला शिकावे लागले ते माझ्या भाचीच्या मुलामुळे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, वाईला असते. भाची बाळंतपणाला तिच्याकडे आली होती. पहिली मुलगी चार वर्षांची. हा दुसरा मुलगा. बारशाला मी गेलो तेव्हा घरात पाहुण्यांची गर्दी, पाळण्याला फुले, आणि अक्काच्या कपाळावर आठी. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "चार मुलं वाढवली मी, दहा बाळंतपणं निस्तरली. पण बाराव्या दिवशी नाळ अशी ओली, हे काही मी पाहिलं नाही हो."

नाळ पडली सहाव्या आठवड्यात, आणि मागे न भरणारी लाल जखम ठेवून गेली. मग कानामागे एक चिघळ झाली. कडा काळसर, मध्ये खड्डा. पण पुवाचा थेंब नाही. रक्त तपासले. एरवी एका घन मिलिमीटर रक्तात चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात, तान्ह्या मुलात थोड्या जास्त. याच्या निघाल्या साठ हजारांच्या वर. पुण्याहून मुंबई झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी केली आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितले, "सैन्य भरपूर आहे. पण गाडी स्टेशनातून जाते आणि एकालाही उतरता येत नाही. उतरताना धरायचा हातच यांच्या अंगावर जवळजवळ नाही."

तो हात म्हणजे इंटेग्रिन. त्याचा एक अर्धा भाग घडवणारी सूचना आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष आली होती. त्या दोघांजवळ एकेक प्रत चांगली असल्याने त्यांना कधी काही झाले नव्हते. दोष इतका पुरा असेल तर अशी मुले बहुतेक दोन वर्षांपलीकडे जात नाहीत, हेही बाईंनी लपवले नाही. उपाय एकच: दुसऱ्याची अस्थिमज्जा. सख्ख्या भावंडाची जुळण्याचा संभव चारात एक. थोरल्या मुलीची तपासली. जुळली.

अक्का त्या रात्री जेवली नाही. "एकाला वाचवायला दुसरीला सुया टोचायच्या?" असे ती मला विचारीत होती, पण खरे म्हणजे ती देवालाच विचारीत होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला समजावले की मुलीला भूल देतात, कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, आणि तिची भरपाई तिचे शरीर आपोआप करते. अक्काने सगळे ऐकून घेतले आणि एकच शंका काढली. मी इतकी पुस्तके चाळली होती, पण मला ती सुचली नव्हती. ती म्हणाली, "हिचे शिपाई त्याच्या घरात जायचे. त्यांनी घरधन्यालाच चोर ठरवलं तर?"

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आजी, आम्हालाही तीच एक भीती असते."

मज्जा दिली ती त्याच्या पहिल्या वाढदिवसापूर्वी. आधी कडक औषधांनी त्याची स्वतःची मज्जा रिकामी केली. मग बहिणीची मज्जा, रक्ताची बाटली लावतात तशी, थेंब थेंब त्याच्या अंगात गेली. पुढचे आठवडे वाट पाहण्याचे होते. त्या आठवड्यांत मी अक्काच्या प्रश्नाचे उत्तर शोधीत बसलो. आपला कोण आणि परका कोण हे ठरवतात टी-पेशी. प्रत्येक पेशी आपल्या दारात, आत चाललेल्या व्यवहाराचा नमुना म्हणून, प्रथिनांचे तुकडे मांडून ठेवते. टी-पेशी दारोदार फिरते आणि ते तुकडे चाचपते. आपल्या आणि परक्या तुकड्यांत कधी कधी एका दाण्याचा फरक असतो. नुसत्या कुलूप-किल्लीच्या हिशेबाने इतका बारीक भेद इतक्या झटपट कसा कळावा?

याचे एक उत्तर २०१४ साली चेंग झू यांच्याच मंडळींनी अटलांटाच्या प्रयोगशाळेत दाखवले. त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. माणसाची एक तांबडी पेशी बारीक काचनळीच्या तोंडाशी धरून त्यांनी तिचाच ताणकाटा केला, आणि टी-पेशीचा हात व समोरचा तुकडा यांची गाठ ओढून मोजली. खऱ्या परक्या तुकड्याशी बसते ती निरगाठ: थोड्या ओढीने ती अधिक टिकते. फसव्या तुकड्याशी बसते ती सुरगाठ: ओढताच सुटते. म्हणजे टी-पेशी पाहून ओळखीत नाही. लुगड्याला हिसका देणाऱ्या बाईसारखी ती ओढून ओळखते. तपशिलांवर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण पेशी हात लावते, ओढते आणि मग ठरवते, याविषयी आता फारशी शंका राहिलेली नाही.

ही ओढ असते तरी किती? शंभर ग्रॅमचे सफरचंद हातावर ठेवले तर जो भार जाणवतो, तो सुमारे एक न्यूटन. त्याचा लक्ष कोटीवा भाग म्हणजे एक पिकोन्यूटन; एका तांबड्या पेशीचे वजन साधारण तेवढे भरते. टी-पेशीच्या त्या गाठीवर सर्वांत गुणकारी ठरलेली ओढ दहा पिकोन्यूटनच्या आसपासची. दहा तांबड्या पेशींच्या वजनाइतक्या त्या ओढीवर घरधनी आणि चोर यांचा निवाडा होतो, आणि त्या निवाड्यावर एक मूल जगते किंवा जगत नाही.

एकदा ही नजर आली की जिकडे तिकडे ओढच दिसू लागते. २०१३ साली लंडनमध्ये पावेल टोलार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी समोरच्या पेशीवरचा परका रेणू अक्षरशः उपटून घेतात. पकड कच्ची असेल तर तो हातून सुटतो, पक्की असेल तर निघून येतो. आणि ज्यांच्या हाती माल लागला त्यांनाच पुढे वाव मिळतो. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन ह्यूस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की मारेकरी टी-पेशी नुसते विष सोडून थांबत नाही. ती शत्रुपेशीचे अंग दाबते, ओढते, ताणते. ताणलेल्या अंगात विषाची भोके लवकर पडतात. भरतकाम करणाऱ्या बायका कापड चौकटीत ताणून बसवतात तेव्हा सुई कशी सरसर जाते, ते आठवावे. ढिल्या कापडात तीच सुई अडखळते.

वाईच्या घरात मात्र माझ्या या ज्ञानाचा उपयोग कोणाला नव्हता. तिथे आकडे मोजले जात होते. तिसऱ्या आठवड्यात बहिणीच्या पेशी भावाच्या रक्तात दिसू लागल्या. चौथ्या आठवड्यात त्याच्या तळहातांवर लाल पुरळ उठला, आणि अक्काची भीती खरी होते की काय म्हणून आम्ही सगळे दगडासारखे झालो. बाईंनी औषध वाढवले. पुरळ आठ दिवस राहिला आणि ओसरला. बहिणीच्या शिपायांनी त्या घरातली माणसे एकेक करून ओढून पाहिली असतील, आणि परके कोणी नाही म्हणून हात सोडले असतील, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. तितके सरळ ते नसते. पण त्या दिवसांत समजुतीची गरज सर्वांनाच होती.

त्यानंतर दोन वर्षे गेली. एके संध्याकाळी अक्काचा फोन आला. आवाज चढलेला, शब्द एकमेकांत अडकलेले. माझ्या काळजात धस्स झाले.

"अरे, पोराच्या पायात परवा बाभळीचा काटा मोडला. पाय हा एवढा सुजलाय!"

"मग? डॉक्टरांना दाखवलंस का?"

"दाखवलं की! अरे, पू झालाय! चांगला पिवळाधमक! डॉक्टरांनी दाबून काढला आणि तेच हसायला लागले."

त्या दिवशी अक्काने सगळ्या आळीत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारणाऱ्यांना तिने खरे कारण सांगितले, आणि आळीतल्या बायका पेढा हातात धरून एकमेकींकडे पाहत राहिल्या. नातवाला पू झाला म्हणून पेढे वाटणारी वाईतली ती पहिलीच आजी असावी. मला मात्र तो मेसिनाचा काटा आठवला. तिथेही असाच गराडा पडला होता, आणि इथेही सैन्य शेवटी गाडीतून उतरले होते.

मुलगा आता शाळेत जातो. त्याचे रक्त बारकाईने तपासले तर त्यातल्या पांढऱ्या पेशी मुलीच्या निघतात. हे त्याला मोठेपणी कोणीतरी सांगेलच, आणि मग बहिणीचे टोमणे त्याला जन्मभर ऐकावे लागतील. आमच्याकडे भाऊबीजेची रीतही अक्काने थोडी बदलली आहे. ओवाळून झाले की भावाने तबकात ओवाळणी टाकायची, बहिणीला वाकून नमस्कार करायचा, आणि रक्षण करण्याच्या गोष्टी करायच्या नाहीत. ते काम कोण करते आहे हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

तो नमस्कार करतो, पण सरळ उठत नाही. उठता उठता बहिणीच्या वेणीला एक सणसणीत हिसका देतो आणि ओसरीवरून पसार होतो. ती किंचाळते, अक्का ओरडते, भाची लाटणे घेऊन धावते. मी काही बोलत नाही. ओढून पाहू द्यावे. ही गाठ निरगाठ आहे.